टेरेन पार्कमध्ये शिकताना: वेग, लँडिंग आणि ऐनवेळी वळून जाण्याची सवय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साध्या आणि मध्यम उतारांवर तुम्हाला स्की चांगली जमते, तेरा वर्षांचा मुलगा स्नोबोर्ड करतो, दोघांनाही टेरेन पार्क, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी बर्फात मुद्दाम रचलेला भाग, खुणावतोय, पण पहिल्याच जंपवर तुम्ही पाठीवर आपटलात. आता वेग किती ठेवायचा, शिकायचं कोणत्या क्रमाने, हेल्मेट पुरेसं आहे का, आणि मुलाच्या डोक्यात बॅकफ्लिप (हवेत मागे उलटी कोलांटी) शिरलाय त्याचं काय करायचं? मी पार्कमध्ये स्की आणि बोर्ड दोन्ही शिकवते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमच्या त्या पडण्याबद्दल. "शेवटच्या क्षणी वेग जास्त वाटला म्हणून थोडा ब्रेक लावला," असं तुम्ही लिहिलंय. कारण बहुतेक तिथेच आहे. लिपच्या, म्हणजे उडीच्या कडेच्या, तोंडाशी आल्यावर स्की पाचरीसारखी उघडली की वजन टाचांवर जातं. त्याच वेळी लिपचा चढ पाय वर ढकलत असतो. पाय पुढे आणि वर, धड मागे, आणि मग हवेत हात गरागरा फिरायला लागतात. ही हातांची चक्की पार्कमध्ये कुठेही बघायला मिळते. तिचं मूळ हवेत नसतं, लिपच्या आधीच्या दोन-तीन मीटरमध्ये असतं. बर्फ सुटल्यावर शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. हात-पाय हलवून कल थोडाफार सावरता येतो, पण कुठे पडायचं ते बदलता येत नाही. म्हणून पार्कमधल्या सुरक्षिततेचा जवळजवळ सगळा भाग पाय बर्फावर असतानाच उरकावा लागतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

जंपची रचना आधी डोळ्यांसमोर आणा. वरून खाली येताना पहिला इनरन, तिथे वेग मिळतो. मग वर वळलेला टेकऑफ आणि त्याची कड म्हणजे लिप. त्यापुढे सपाट भाग, त्याला टेबल म्हणतात. टेबल संपून उतार सुरू होतो त्या उंचवट्याला नकल म्हणतात. त्यानंतर उतरतं लँडिंग आणि शेवटी सपाट होत जाणारा रनआउट. उतरायची योग्य जागा नकलच्या थोडी पुढे, लँडिंगच्या वरच्या भागात असते. तिलाच स्वीट स्पॉट म्हणतात.

तिथेच का उतरायचं, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले माँट हबर्ड आणि कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधले जेम्स मॅक्नील यांनी बर्फावरच्या जंपांचा याच दृष्टीने अभ्यास केलाय. त्यांची कल्पना सोपी आहे. हवेतून खाली येताना तुमच्या वेगाचा जो भाग बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात असतो, तेवढाच अंगावर आदळतो. उरलेला भाग तुम्हाला पुढे घसरत नेतो. तो काटकोनातला वेग मिळवायला सपाट जमिनीवर किती उंचीवरून सरळ खाली पडावं लागलं असतं, ते मोजायचं. मार्ग आणि उतार जवळपास समांतर असतील, तर बरीच लांब उडीसुद्धा एका छोट्या पायरीवरून उतरल्याइतकीच लागते. पण तीच उडी लँडिंग ओलांडून सपाट रनआउटवर गेली, तर आकडे एकदम बदलतात. एक मीटरवरून सपाट पडलात तर ताशी सुमारे १६ किलोमीटरने आदळता, तीन मीटरवरून पडलात तर सुमारे २८ किलोमीटरने. म्हणून मला जंपच्या लांबीपेक्षा लँडिंगच्या लांबीची चिंता जास्त असते. लँडिंग लांब आणि पुरेसं तिरकं असेल तर थोडी चूक पचते.

कमी वेग आणि जास्त वेग या दोन्ही चुका सारख्या वाईट नाहीत. अगदी लहान जंपवर वेग कमी पडला तर टेबलावर उतरता, गुडघ्यांना हिसका बसतो, घसरत नकल ओलांडता, झालं. मोठ्या जंपवर मात्र नकलवर उतरणं म्हणजे घोटे आणि गुडघे मोडून घ्यायचा मार्ग. वेग जास्त झाला तर जसजसे पुढे जाता तसतशी उंची वाढत जाते आणि खालचा उतारही सपाट होत जातो, दोन्ही गोष्टी तुमच्या विरुद्ध. "कमी पडण्यापेक्षा जास्त गेलेलं बरं" असं पार्कमध्ये सर्रास ऐकू येतं. ज्याला वेगाचा अंदाज आलाय आणि ज्याच्यापुढे लांब लँडिंग आहे, त्याच्यासाठी ते ठीक. नवख्याने ते मनावर घेऊ नये.

आता वेगाचा खरा घोटाळा. उडीची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लिपचा कोन २० अंश धरा आणि हवेचा अडथळा सोडून द्या. ताशी ३६ किलोमीटरने निघालात तर लिपच्याच पातळीवर परत येईपर्यंत साधारण साडेसहा मीटर जाता. ताशी ४० ने निघालात तर आठ मीटरच्या किंचित वर. चार किलोमीटरचा फरक अंगाला जाणवतसुद्धा नाही, पण पाय दीड मीटर पुढे टेकतात. लहान जंपचं लँडिंगच मुळात आखूड असतं, तिथे दीड मीटर म्हणजे चांगली जागा आणि वाईट जागा यांतलं सगळं अंतर.

म्हणून "किती वेग ठेवू?" याला मी आकडा देणार नाही. तुमच्याकडे वेगमापक नाही, आणि असला तरी त्या क्षणी बघायला सवड नसते. वेग ठरतो तो तुम्ही कुठून निघता यावरून. पद्धत अशी. जंपच्या बाजूला, इनरनपासून नीट लांब उभे राहा आणि तुमच्याच वजनाचे, तुमच्याच प्रकारच्या साधनावरचे लोक बघा. ते कुठून सुटतात, मध्ये वळण घेतात का, कुठे उतरतात. हवेत काय करतात ते बघू नका, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. मग त्याच जागेवरून, मागून कोणी येत नाही याची खात्री करून, जंप न घेता खाली या आणि लिपच्या बऱ्याच आधी बाजूला वळा. हा वेगाचा अंदाज. पार्कमधल्या जुन्या माणसाला "इथे वेग कसा आहे आज?" विचारायला लाजू नका. आम्ही सगळे एकमेकांना तेच विचारत असतो.

"आज" महत्त्वाचं. सकाळी थंडीत टणक झालेला इनरन वेगवान असतो. दुपारी उन्हाने बर्फ ओला झाला की तोच इनरन स्कीचा तळ धरून ठेवतो. रात्री ताजा बर्फ पडला असेल तर आणखी हळू. समोरून वारा असेल तर काल जिथून सुटून नेमके स्वीट स्पॉटवर उतरलात, आज तिथूनच नकलवर आदळाल. इनरनवर ऊन आणि टेकऑफवर सावली असा प्रकारही असतो. वर मऊ, लिपपाशी बर्फ काचेसारखा. दर वेळी जेवून परत आलात की पार्क नव्याने तपासायचा, सकाळचा अंदाज सकाळपुरताच.

यात पालकांसाठी एक खास गोष्ट. मुलाला "माझ्या मागे ये, माझा वेग धर" असं बहुतेक पालक सांगतात. हेतू चांगला असतो. पण जड माणूस त्याच उतारावर सहसा जास्त वेग घेतो, शिवाय स्की आणि बोर्ड वेगवेगळे पळतात. तुम्ही जिथून सुटून बरोबर पोचता तिथून तुमचा मुलगा कमी पडू शकतो. त्याची सुटायची जागा त्याने त्याच्यासारख्या पोरांना बघून वेगळी शोधायला हवी.

यानंतर मी शिकवते ती गोष्ट बहुतेकांना कंटाळवाणी वाटते: जंप न घेणं. इनरनवर एक खूण ठरवा, कडेचा झेंडा, बर्फातला डाग, काहीही. त्या खुणेपर्यंत तुम्हाला वळून बाजूला जायची पूर्ण मुभा आहे. वेग पटत नाही, समोरचा अजून लँडिंगमधून बाहेर पडलेला दिसत नाही, मन धजत नाही, कारण कोणतंही चालेल. खूण ओलांडली की मात्र ब्रेक नाही, वळण नाही, स्कीचा किंवा बोर्डचा तळ सपाट ठेवून, सरळ जंप पूर्ण करायची. तुमच्याबाबतीत नेमकं उलटं झालं. आधी विचार केला नाही आणि विचार करायची वेळ संपल्यावर केला. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वळून जायला लावते, सगळं ठीक असतानाही. तेरा-चौदा वर्षांची पोरं यावर तोंड वाकडं करतात. पण ज्याला वळून जाता येतं तो घाबरलेला असताना लिपवर पोचतच नाही.

आता पार्कमध्ये शिरण्याबद्दल. अमेरिकेत पार्कच्या तोंडाशी नारिंगी रंगाची लांबट गोल पाटी असते आणि स्की केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेने आखलेल्या सूचना असतात: लहानापासून सुरू करा, बेत आखा, नेहमी बघा, इतरांचा आणि पार्कचा मान ठेवा, सांभाळून घ्या. जंप आणि रेलवर (घसरत जायच्या लोखंडी दांड्यांवर) आकाराची एस, एम, एल, एक्सएल अशी अक्षरं असतात. त्या अक्षरांवर फार विसंबू नका. ती त्या त्या पार्कपुरती असतात, एका ठिकाणचा एम दुसऱ्या ठिकाणच्या एलएवढा असू शकतो. पहिली फेरी काहीही न करता, सगळ्या गोष्टींच्या बाजूने, हळू मारायची. दररोज. काल होती ती रेल रात्रीतून हलवलेली असते, जंप पुन्हा कापलेली असते.

त्या फेरीत नेमकं काय बघायचं? लँडिंगवर जा आणि बर्फावरच्या खुणा वाचा. टेकलेल्या स्कींच्या रेघा कुठे दाटीने सुरू होतात ते स्पष्ट दिसतं. त्या नकलच्या पुढे एका पट्ट्यात असतील तर जंप आज बरोबर चालते आहे. नकलवरच घसटल्याच्या आणि पार्श्वभाग टेकल्याच्या वाटोळ्या खुणा असतील तर लोकांना वेग पुरत नाहीये. स्वीट स्पॉटमध्येच खड्डा पडलेला असेल तर तो टाळता येणार नाही, कारण तुम्हीही तिथेच उतरणार, त्या जंपचा नाद सोडा. मग वर येऊन लिप बघा. दिवसभर लोक गेले की तिच्यावर चर पडतात. चर सरळ असेल तर ठीक. टोकाशी किंचित डावीकडे वाकलेला असेल तर तो तुम्हालाही डावीकडे फेकेल, आणि ते तुम्हाला हवेत गेल्यावरच कळेल. कडेचा तुकडा मोडलेला असेल तर पार्कच्या कामगारांना सांगा. फावडी घेऊन फिरणारे ते लोक पार्कमधली सर्वांत जाणती माणसं असतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.

वागण्याचे नियम साधे आहेत, पण त्यांना पर्याय नाही. नकलपलीकडचं लँडिंग वरून दिसत नाही. म्हणून एका वेळी एकच माणूस, हात वर करून "ड्रॉपिंग!" असं मोठ्याने सांगून सुटायचं, आणि आधीचा माणूस खाली बाहेर पडलेला दिसेपर्यंत थांबायचं. दिसत नसेल तर खाली कडेला जोडीदार उभा करा, तो हात करेल. पडलात तर शक्य तितक्या लवकर बाजूला सरका, चष्मा-हातमोजा नंतर शोधता येतो. कोणी पडून उठत नसेल तर एकाने वर, लिपच्या आधी उभं राहून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे: जंप बंद. वर दोन स्की फुली करून रोवल्या तरी अर्थ तोच. नंतर गस्तीपथकाला बोलवा. मानेला किंवा पाठीला लागल्याची शंका असेल तर त्या माणसाला हलवू नका. आणि मुलाचा व्हिडिओ काढायला लँडिंगच्या मधोमध उभे राहणारे पालक मला दर मोसमात दिसतात. कृपा करून त्यांच्यातले होऊ नका.

शिकायचा क्रम. पार्कमध्ये नव्हे, साध्या उतारावर सुरुवात करा. तुम्ही दोन्ही पायांनी एकदम, घोटे-गुडघे-कंबर उलगडून उडी मारायला शिका आणि तितक्याच शांतपणे टेकायला. मुलाने बोर्डचा तळ पूर्ण सपाट ठेवून, कोणत्याही कडेवर न जाता, सरळ रेषेत जाण्याचा सराव करावा. बोर्डवाल्यांना ही गोष्ट सर्वांत जास्त भीतीदायक वाटते, कारण कड अडकून आपटल्याची आठवण प्रत्येकाकडे असते. पण लिपवर कडेवर असाल तर हवेत वळालच, आणि हील एजवर, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, टेकलात तर बोर्ड पुढे निसटून माकडहाड आधी पोचतं. दोघांनीही उलट्या दिशेने, म्हणजे स्विच, चालवायला शिका. वापर उशिरा होईल, पण कधीतरी हवेत अर्धवट फिरलात आणि उलटे उतरलात तर तेच उपयोगी पडेल.

मग पार्कमधले रोलर, त्या लागोपाठच्या बर्फाच्या लाटा. आधी त्यांच्यावरून जाताना पाय दुमडून लाट गिळायची, डोकं एकाच उंचीवर ठेवून. ते जमलं की माथ्यावर हलकी उडी, म्हणजे पॉप. पॉपचं वेळापत्रक इथेच शिकून घ्या, कारण लिपवरही तेच लागतं: पाय कडेशी पोचले की उलगडायचं. लवकर उलगडलात तर लिप तुम्हाला मागे ढकलते, उशिरा उलगडलात तर उडीच होत नाही.

जंपवर पहिली पायरी म्हणजे पार्कमधली सर्वांत लहान, छोट्या टेबलाची जंप, जिच्यावरून हळू गेलं तरी टेबलावरून घसरत खाली जाता येतं. मधे मोकळी फट असलेली जंप नको. आधी पॉप न करता, मग किंचित करून. प्रशिक्षक याचे चार भाग करतात: जवळ येणं, सुटणं, हवेतली कृती, उतरणं. हवेतल्या कृतीचा रकाना बराच काळ रिकामी ठेवा. हात पुढे, दोन्ही हात डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसले पाहिजेत. नजर लँडिंगवर, स्कीच्या टोकांवर नाही. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. उतरताना दोन्ही पाय एकाच वेळी, आधी थोडे लांब आणि मग मऊ. पार बसकण मारेपर्यंत नाही.

स्कीवर मागे बसून उतरणं ही तुमची खोड असेल तर ती आताच घालवा. शेपटाकडून टेकलेली स्की लगेच पुढे आपटते, ताठ बूट पिंढरीला मागून ढकलतो, आणि गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध तुटायला अशी स्थिती आयती असते. स्कीवाल्यांची गुडघ्याची दुखापत आणि बोर्डवाल्यांची मनगटाची, या दोन्ही सर्रास दिसणाऱ्या आहेत.

बॉक्स (घसरत जायचा रुंद, प्लास्टिकने मढवलेला पाट) आणि रेलचं तंत्र वेगळं. बर्फावर आपण जे शिकलो, घसरलं की कड लावा, तेच इथे पाडतं. प्लास्टिकवर किंवा लोखंडावर कड धरत नाही, ती पाय काढून घेते. बॉक्सवर तळ सपाट, वजन बरोबर मधे, नजर बॉक्सच्या शेवटाकडे. वळायचा प्रयत्न नाही, थांबायचा तर अजिबात नाही. रुंद, जमिनीलगतचा, सरळ बर्फावरून चढता येणारा बॉक्स शोधा आणि फक्त सरळ जा. फार हळू जाणंही घातक, कारण मधेच थांबून त्यावरच आडवे होता. बरेच बॉक्स असे सरळ, कंटाळा येईपर्यंत झाले की मग आडवं घसरणं. मुलगा बोर्ड आडवा करायला लागला की मागे कलण्याचा मोह होईल. त्या एका क्षणात बोर्ड पुढे जातो आणि पाठ, माकडहाड किंवा डोकं बॉक्सच्या कडेवर येतं. तोल गेला तर आडवं होण्याआधी सरळ करून बाजूने बर्फावर उतरायचं. अरुंद रेल आणि मधे वाकलेल्या रेल यांना खूप वेळ आहे. लोखंड दबत नाही, बर्फ थोडा तरी दबतो.

पडायचंही शिकावं लागतं. पंजे पसरून बर्फ पकडायला जाऊ नका, मुठी वळून हात छातीशी घ्या. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला. उतारावर पडून घसरत जाणं हे थांबण्यापेक्षा चांगलं.

साधनांबद्दल थोडक्यात. मुलाला मनगटाचे गार्ड आणि आत गाद्या असलेली चड्डी घ्या, दोघांनाही पाठीचं संरक्षक. स्कीच्या बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) डिन आकडा, म्हणजे ती किती जोराला सुटावी ते ठरवणारा आकडा, "पार्कमध्ये सुटू नये" म्हणून वाढवून घेऊ नका. तो तुमच्या वजनाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे तंत्रज्ञाकडून लावून घ्या. बोर्डचं बाइंडिंग सुटतच नाही, हे मुलाला माहीत असू द्या. काठ्यांचे पट्टे मनगटात नकोत.

हेल्मेट हवंच, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. युरोपीय ईएन १०७७ मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून पोलादी ऐरणीवर पाडतात, म्हणजे आदळण्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. वर तीन मीटरवरून सपाट पडण्याचा आकडा २८ दिलाय, तो शेजारी ठेवून बघा. कवटी फुटण्यापासून हेल्मेट बरंच वाचवतं. मेंदू कवटीच्या आत हलतो ते पूर्ण थांबवू शकत नाही आणि मानेसाठी तर काहीच करत नाही. कॅनडाच्या स्कीपटू सारा बर्क यांनी स्की हाफपाइप (बर्फातल्या अर्ध्या नळीसारख्या खोलगट मार्गातला खेळ) ऑलिंपिकमध्ये आणण्यासाठी झगडा केला. जानेवारी २०१२ मध्ये पार्क सिटीतल्या हाफपाइपमध्ये सराव करताना त्या पडल्या. हेल्मेट होतं, पण मानेतली धमनी फाटली आणि नऊ दिवसांनी त्या गेल्या. त्यांचा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो २०१४ मध्ये, सोचीत. ही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूची गोष्ट आहे आणि तुमच्या छोट्या जंपशी तिचा थेट संबंध नाही. पण "हेल्मेट आहे ना" हे वाक्य घरात ऐकू आलं तर आठवावी अशी आहे. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बदला.

डोक्याला मार लागून गरगरलं, डोकं दुखायला लागलं, गोंधळल्यासारखं झालं, पडल्याचं नीट आठवत नसेल, तर त्या दिवशी खेळ बंद. "आता बरं वाटतंय" हे ऐकून पुन्हा वर न्यायचं नाही. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, सुस्ती किंवा बोलण्यात फरक दिसला तर थेट रुग्णालय. तेरा वर्षांची मुलं मित्रांसमोर हे लपवतात, म्हणून विचारून थांबू नका, बघा.

दिवसाची आखणी म्हणाल तर पार्क सकाळी, पाय ताजे असताना, दोन तास. बर्फ फारच टणक असेल तर जरा सैलावेपर्यंत बाहेर फिरा. संध्याकाळी सावली पडली, चर गोठले, पाय थरथरताहेत आणि कोणीतरी "शेवटची एक" म्हणालं की पार्कबाहेरच्या साध्या उतारावरून खाली या.

एस वरून एम वर कधी जायचं? एकाच लहान जंपवर वेगवेगळ्या बर्फात, वेगवेगळ्या दिवशी, ठरवलेल्या जागी टेकता यायला लागलं आणि उतरल्यावर सरळ, गडबड न होता पुढे जाता आलं की. नुसतं न पडणं पुरेसं नाही. मधल्या काळात कंटाळा येऊ नये म्हणून त्याच लहान जंपवर ग्रॅब शिका. हात स्कीला किंवा बोर्डला लावायला गुडघे वर घ्यावे लागतात, अंग आटोपशीर राहतं आणि हातांची चक्की आपोआप बंद होते. फक्त गुडघे वर आणायचे, हात खाली वाकवून न्यायचा नाही. मग १८० अंश, जिथे स्विच उतरावं लागतं, आणि त्यानंतर ३६०.

राहिला बॅकफ्लिप. बऱ्याच पार्कमध्ये डोकं खाली, पाय वर अशा उड्यांना बंदीच असते, तेव्हा आधी तिथला नियम वाचा. बंदी नसली तरी बर्फावर "करून बघू" हा त्याचा मार्ग नव्हे. आधी ट्रॅम्पोलिन, प्रशिक्षकासह, तेही हवेत आपण कुठे आहोत हे कळेपर्यंत. मग एअरबॅग. मोठ्या केंद्रांमध्ये बर्फावरच्या जंपपुढे हवेची प्रचंड गादी लावलेली असते. उतरत्या लँडिंगच्या आकाराची गादी मिळाली तर उत्तम, कारण तिच्यावर पाय टेकवून पुढे घसरत जाता येतं. सपाट गादीवर एक खोड लागते. गादी पाठीलाही मऊच लागत असल्याने पोरं अर्धवट फिरून पाठीवर पडतात आणि "झाला!" म्हणून ओरडतात. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवा की पाय खाली येऊन टेकले तरच मोजायचा. आणि तसे लागोपाठ, थकल्यावरसुद्धा, टेकेपर्यंत बर्फाचा विषय काढायचा नाही.